इलेक्ट्रिक गिटार घेताना लाकडाचे पैसे देऊ नका

भाचीची बारावी झाली आणि तिने इलेक्ट्रिक गिटारचा हट्ट धरला. दोन वर्षं साधी गिटार वाजवून तिचा हात बसलेला आहे, त्यामुळे हट्ट रास्तच होता. घरून पंचवीस हजार मंजूर झाले, ॲम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) आणि केबल त्यातच बसवायची. दुकानातून तिचा फोन आला. "मावशी, दोन गिटार आवडल्यात. पिकअप दोन्हीला सारखेच आहेत. पण एक पॉपलरची आहे आणि दुसरी महोगनीची, सात हजारांनी महाग. दुकानातले काका म्हणतायत, महोगनीचा आवाज उबदार येतो. काय करू?"

मी तिला म्हटलं, आज काही घेऊ नकोस, घरी ये. मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं आहे आणि या उबदार लाकडाच्या गोष्टीने मला फार त्रास होतो, कारण तिच्यापायी मध्यमवर्गीय घरांतले पैसे चुकीच्या जागी जातात.

ही समजूत येते कुठून ते आधी पाहू. आमच्या मिरजेजवळ कुणालाही विचारा, तंबोऱ्यात भोपळा आणि तबलीचं लाकूड किती मोलाचं ते सांगेल. ते खरंच आहे. एकट्या तारेला आवाज जवळजवळ नसतो. इतकी बारीक वस्तू हवा ढकलत नाही, हवेतून कापत जाते. तारेचं कंपन घोडीतून तबलीत उतरतं, तबली हलते, आणि ती रुंद असल्यामुळे हवेला भरपूर धक्का देते. तिथे लाकूड हाच आवाज. साध्या गिटारचंही तसंच. म्हणून लाकडाबद्दलची सगळी श्रद्धा आपण उचलून इलेक्ट्रिक गिटारवर नेऊन ठेवली. पण इलेक्ट्रिक गिटारमध्ये हवा मधे येतच नाही.

तारांच्या खाली जी आडवी पट्टी दिसते तो पिकअप. त्यात सहा लोहचुंबक उभे असतात आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे आठ हजार वेढे. उलगडली तर ही तार एक किलोमीटरच्या आसपास भरेल! आता नीट बघा काय होतं. वरची तार पोलादाची आहे. खालच्या चुंबकामुळे तारेचा तेवढा तुकडा स्वतःच एक छोटा चुंबक होतो. तुम्ही तार छेडली की हा छोटा चुंबक वेढ्यांच्या डोक्यावर नाचू लागतो, वेढ्यांमधला चुंबकीय प्रवाह कमी-जास्त होतो, आणि मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलं तसं वेढ्यांत व्होल्टेज निर्माण होतं. दहावीच्या पुस्तकातलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. जोरात छेडलं तर हे व्होल्टेज एका व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास जातं. बाकी सगळं वाढवण्याचं काम ॲम्पचं.

म्हणजे पिकअपला ऐकू येत नाही. त्याला फक्त लोखंड हललेलं कळतं. पटत नसेल तर नायलॉनच्या तारा लावून बघा, ॲम्प गप्प बसेल. (चुंबकाचा एवढा सुंदर उपयोग समोर असताना रक्तदाबासाठी मनगटाला चुंबकाचे पट्टे आणि पाठीला चुंबकाच्या गाद्या विकल्या जातात, याचं मला वाईट वाटतं. आपल्या रक्तातलं लोह लोखंडासारखं चुंबकाला चिकटत नाही. तो पैसाही गिटारमध्ये घाला.)

इतिहासही हेच सांगतो. बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार १९३०च्या दशकाच्या सुरुवातीची, जॉर्ज बीचम आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांची. लांब दांडा आणि पुढे गोल ताट, म्हणून तिचं नावच 'फ्राइंग पॅन' पडलं. बीचमला तिचं पेटंट १९३७ मध्ये मिळालं. ती कशाची होती? ओतीव ॲल्युमिनियमची. लाकूड औषधालाही नाही. पुढे लेस पॉल या वादकाने पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा चढवल्या आणि लोकांना गिटारसारखं दिसावं म्हणून दोन्ही बाजूंना जुन्या गिटारचे अर्धे भाग जोडले. अलीकडे नॅशव्हिलच्या एका वादकाने तर दोन बाकांच्या मधे तारा ताणून, गिटारच्या धडाशिवायच, खालून पिकअप धरून वाजवून दाखवलं. आवाज ओळखीचा आला.

लाकडाचा परिणाम अगदी शून्य असं मी म्हणणार नाही. दांडा वाकतो, थरथरतो, आणि त्याचा स्वतःचा कंप एखाद्या स्वराशी जुळला तर तो स्वर लवकर विझतो. वादक अशा जागेला 'डेड स्पॉट' म्हणतात. पण हा दोष त्या एका नगाचा. झाडाच्या जातीवरून तो सांगता येत नाही, प्रत्येक तार दांड्यावरच्या प्रत्येक फ्रेटवर (धातूच्या आडव्या पट्टीवर) वाजवूनच तो सापडतो.

मग एका गिटारचा आवाज चकचकीत आणि दुसरीचा जाड का? पहिलं कारण पिकअपची जागा. तार एकाच वेळी अनेक तऱ्हांनी कंप पावते: पूर्ण, दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत. तंबोऱ्यातून न छेडलेला गांधार ऐकू येतो तो पाच भागांतल्या कंपनाचा. या स्वयंभू स्वरांत काही जागी तार हलतच नाही. स्ट्रॅटोकास्टर घडणीच्या गिटारमध्ये दांड्याजवळचा पिकअप ब्रिजपासून (म्हणजे घोडीपासून) तारेच्या एक चतुर्थांश लांबीवर असतो. मोकळ्या तारेचा चौथा स्वयंभू स्वर नेमका तिथे स्थिर, म्हणून तो पिकअपच्या हाती जवळजवळ लागत नाही. ब्रिजजवळच्या पिकअपला मात्र वरचे स्वर मोठ्या प्रमाणात मिळतात, म्हणून तो धारदार.

दुसरं कारण माझं सर्वांत लाडकं, त्यामुळे थोडा दम धरा. आठ हजार वेढ्यांच्या या गुंडाळीला इंडक्टन्स असतो, म्हणजे प्रवाहातला बदल तिला आवडत नाही. वस्तूचं वस्तुमान जसं वेग बदलायला विरोध करतं, तसंच. आणि गिटारपासून ॲम्पपर्यंत जाणारी केबल ही फक्त तार नव्हे. आत एक वाहक, बाहेर जाळी, मधे प्लास्टिक, म्हणजे लांबलचक कपॅसिटर झाला. तो स्प्रिंगसारखा वागतो. वस्तुमान आणि स्प्रिंग जोडले की झोका तयार होतो, आणि प्रत्येक झोक्याला आपली ठरावीक लय असते. त्या लयीच्या आसपासचे स्वर गिटार फुगवून देते, त्याच्या वरचे झपाट्याने कापून टाकते. हाच अनुनाद.

आकडे घालू. एका गुंडाळीच्या पिकअपचा इंडक्टन्स साधारण २.४ हेन्री. केबलची धारकता, म्हणजे कपॅसिटर म्हणून तिचं माप, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. पाच मीटरची केबल आणि गुंडाळीची स्वतःची धारकता मिळून ६०० धरू. दोन्हींचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ, त्याला २π ने गुणून उलटं करा: सुमारे ४,२०० हर्ट्झ. माणसाचा कान याच भागात सर्वांत तिखट असतो, म्हणून आवाज चमकतो. आता तीच गिटार, फक्त केबल दहा मीटरची. धारकता ११०० होते आणि झोका ३,१०० हर्ट्झवर उतरतो. दोन गुंडाळ्यांच्या हमबकर पिकअपचा इंडक्टन्स साडेचार हेन्रीच्या घरात असतो. तो पाच मीटर केबलवर लावला तर उत्तर येतं साधारण ३,०६० हर्ट्झ. उबदार आवाज तो हाच, आणि तो महोगनीतून आलेला नाही. भाचीला मी सांगितलं, तुला ऊब हवी असेल तर लांब केबल जोड किंवा टोनचं बटण थोडं खाली फिरव. सात हजार वाचले.

हमबकरवरून आठवलं. तो १९५५ मध्ये गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी बनवला तो गुरगुर घालवायला. घरातल्या वायरिंगचे ५० हर्ट्झ पिकअपमध्ये शिरतात. दोन गुंडाळ्या उलट्या वेढल्या आणि चुंबकही उलटे ठेवले की गुरगुर एकमेकांत वजा होते, तारेचा सूर मात्र बेरजेत येतो. ब्रिजजवळ एक हमबकर आणि पुढे दोन साधे पिकअप अशी मांडणी यामाहा पॅसिफिकासारख्या स्वस्त गिटारमध्येही मिळते. पहिल्या गिटारला मला तीच पसंत.

मग पैसे कशावर घालायचे? तार सुरात धरणाऱ्या भागांवर. फ्रेटच्या जागा हा आता प्रश्न राहिलेला नाही. ६४८ मिलिमीटरच्या तारेवर पहिला फ्रेट नटपासून (दांड्याच्या टोकाची खाचांची पट्टी, तिथून) ३६.४ मिलिमीटरवर यायला हवा, आणि संगणकावर चालणारं यंत्र तो स्वस्त दांड्यावरही तिथेच कापतं. फरक पडतो तो शेवटच्या हातकामात. दांड्याच्या कडेवरून तळहात फिरवा, फ्रेटची टोकं टोचली तर ती गिटार परत ठेवा. बाराव्या फ्रेटवर हलकं बोट ठेवून घंटेसारखा स्वर काढा, मग तिथेच दाबून वाजवा, दोन्ही जुळले पाहिजेत. तार बोटाने ओढा, जसा आपण सतारीवर मींड काढताना ओढतो, आणि सोडा. परत मूळ सुरात आली नाही तर नटच्या खाचा किंवा खुंट्या हलक्या आहेत. फ्रेटबोर्ड शिसवीचा नाही म्हणून नाक मुरडू नका. हल्ली स्वस्त गिटारवर 'इंडियन लॉरेल' लिहिलेलं असतं, तो म्हणजे सह्याद्रीतला आपला ऐन. बोटांना त्याचं काही वावडं नाही.

ॲम्प मात्र तीन पिनांचाच घ्या आणि घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि आपली बोटं तारांवर. दोन पिनांचा अडॅप्टर लावून तिसरी पिन मोकळी सोडणं हा आपल्याकडचा सर्रास प्रकार इथे जिवावर बेतू शकतो. यार्डबर्ड्स या ब्रिटिश बँडचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये घरीच, अर्थिंग नीट नसलेल्या गिटारच्या शॉकने गेला.

भाचीने पॉपलरची घेतली. वाचलेल्या पैशांतून एका जाणत्या कारागिराकडून नटच्या खाचा घासून घेतल्या, तारांची उंची बसवून घेतली, आणि माझ्या आग्रहाखातर दोन केबल घेतल्या, एक तीन मीटरची, एक दहाची. रविवारी ती डोळे मिटून बसली आणि मी न सांगता केबल बदलत राहिले. दहापैकी दहा वेळा तिने बरोबर ओळखलं.