साशिमोनो (जपानी सांधेकाम), सांगली-मिरज परिसराच्या संदर्भात

साशिमोनो : खिळा किंवा स्क्रू न मारता, लाकडात लाकूड बसवून पेट्या, कपाटे, मेजे आणि जाळीचे पडदे करण्याची जपानी कला, तसेच तिने घडलेल्या वस्तू. जपानीत ‘सासु’ म्हणजे आत खुपसणे आणि ‘मोनो’ म्हणजे वस्तू. काही जण या शब्दाचे नाते मोजपट्टीच्या ‘मोनोसाशी’ या नावाशी जोडतात. दोन्ही अर्थ कामाला शोभतात, कारण इथे माप अर्ध्या मिलिमीटरने चुकले तरी सांधा वाया जातो. क्योतोची परंपरा राजदरबार आणि चहाविधीच्या सामानावर पोसली. एदोची, म्हणजे आजच्या टोकियोची, सामुराई, व्यापारी आणि काबुकी नटांच्या गिऱ्हाइकीवर वाढली. प्लायवूडला गडद रंग देऊन, पाय आखूड करून ‘जपानी स्टाइल’ म्हणून विकले जाणारे फर्निचर या नोंदीच्या कक्षेत येत नाही.

बसके सामान आपल्याला नवे नाही. जपानी माणूस तातामी चटईवर बसतो (एक चटई साधारण १८० × ९० सेंमी.), म्हणून ‘चाबुदाई’ हे घडीच्या पायांचे जेवणाचे मेज बुटके असते. पाट-चौरंगावर पंगती उठलेल्या आणि मुनीमजींच्या उतरत्या मेजावर खतावण्या लिहिल्या गेलेल्या मुलखाला त्यात परके काही नाही. कारागिराची बैठकही मिळतीजुळती आहे. आपला जुन्या वळणाचा सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करतो. साशिमोनोचा कारागीरही बहुधा बसूनच, पुढ्यात जाड फळी ठेवून काम करतो. ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’वरून आला. रंगात भिजवलेले सूत ताणून टिचकी मारली की लाकडावर रेघ उमटते, आणि जपानी सुताराची ‘सुमित्सुबो’ म्हणजे शाईची दौत व दोऱ्याची फिरकी एकत्र केलेले नेमके तेच साधन.

वेगळी आहे ती हत्याराची दिशा. आपल्या बाजारातली नेहमीची करवत आणि रंधा पुढे ढकलताना कापतात, जपानी करवत आणि ‘कान्ना’ हा रंधा आपल्याकडे ओढताना. ढकलताना पाते वाकू नये म्हणून ते जाड करावे लागते. ओढताना पाते आपोआप ताणले जाते, म्हणून ते पातळ चालते. पाठीला कणा असलेल्या ‘दोझुकी’ करवतीचे पाते सुमारे ०.३ मिमी. इतके पातळ असते आणि तिची रेघ पेन्सिलीच्या रेघेसारखी निघते. ‘र्‍योबा’ला दोन्ही कडांना दात असतात : एका कडेचे लाकडाच्या रेषांच्या दिशेने चिरायला, दुसऱ्या कडेचे रेषा आडव्या कापायला. वर्षानुवर्षे ढकलण्याची सवय झालेल्या हाताला सुरुवातीचे काही दिवस हे जमत नाही. पाते वाकते, चिडचिड होते आणि दोष करवतीला दिला जातो.

‘नोमी’ ही पटाशी आणि रंध्याचे पाते दोन धातूंचे असते. कडक पोलादाचा पातळ थर मऊ लोखंडाच्या पाठीला तापवून, ठोकून जोडलेला असतो. पोलाद धार धरते, लोखंड आघात सोसते. पात्याची सपाट बाजू मध्ये किंचित खोलगट ठेवतात, म्हणजे निसण्यावर घासताना फक्त कडा टेकतात आणि पाते लवकर सपाट होते. धार पाणदगडावर लावतात. १००० नंबरचा दगड आणि त्यानंतर ६००० चा, एवढ्यावर घरच्या कामाचे भागते. नवशिक्या माणसाचा निम्मा वेळ धारेतच जातो आणि तो तसा जाऊ द्यावा. बोथट पटाशीने केलेले कुसू (भोकात बसवायचे लाकडाचे टोक) चिरडते, कापले जात नाही.

या बाबतीत सांगली जिल्ह्याकडे स्वतःची शिदोरी आहे. मिरजेची सतार-तंबोरा घडवणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार-पाणी देणारी. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे काम आटत गेले तसे हे हात भोपळा आणि तून लाकडाकडे वळले. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा दांडा आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी झाकणफळी) यांच्या जोडाकडे नीट पाहिले, तर खिळ्याविना बसलेला घट्ट सांधा म्हणजे काय हे समजायला टोकियो गाठण्याची गरज उरत नाही.

लाकूड आणि हवा : घरच्या कामात खरी अडचण येते ती इथे. जपानी हत्यारे मुख्यतः हिनोकी, सुगी, किरी अशा मऊ लाकडांसाठी घडलेली आहेत. सागात सिलिका असते आणि ती धार झपाट्याने खाते. बाभळीच्या गाठीत र्‍योबाचे बारीक दात सरळ मोडतात. म्हणून सागासाठी पटाशीच्या धारेचा कोन ३० ते ३५ अंश ठेवावा आणि करवत बदलत्या पात्याची घ्यावी. अशा पात्याचे दात विजेच्या झटक्याने इतके कडक केलेले असतात की त्यांवर कानस चालत नाही. धार गेली की पातेच बदलायचे. हात बसेपर्यंत शिवण उत्तम : हलके, रंध्याला आज्ञाधारक आणि बसल्यावर फारसे न हलणारे. किरीच्या पेट्यांचे गुण आपल्याकडे कुठे शोधायचे, तर तिथेच.

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र हवेप्रमाणे फुगते आणि आकसते. ओल्या सागाची पूर्ण वाळेपर्यंतची घट वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के, तर गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने सुमारे २.५ टक्के असते. म्हणून फळी कशी चिरली आहे, हा वखारीतला पहिला प्रश्न हवा. वैशाखाच्या दुपारी सांगलीची हवा ठणठणीत कोरडी असते आणि श्रावणात कृष्णाकाठ ओलाचिंब होतो. समजा, ४० सेंमी. रुंदीची फळी आहे आणि लाकडातली ओल चार टक्क्यांनी वाढली, तर ती सुमारे ३ मिमी. रुंद होते. मेमध्ये कागदासारखा चपखल बसवलेला खण श्रावणात हलत नाही याचे कारण एवढेच; त्यात कारागिराचा हात वाईट नसतो, पंचांग विसरलेले असते. उन्हाळ्यात बसवायचा खण फटीने बसवावा, पावसाळ्यात बसवायचा अंगासरसा.

जपानलाही जून-जुलैमध्ये ‘त्सुयु’ हा पावसाळी दमट काळ भोगावा लागतो, म्हणून तिथले सांधे या हालचालीचा हिशेब धरूनच रचलेले आहेत. मेजाच्या फळीखाली आडवी पट्टी ठोकून टाकली तर फळी फुगताना फाटते. ‘सुइत्सुकी-झान’ पद्धतीत पट्टीला कबुतराच्या शेपटीसारखा पसरट काठ देतात आणि फळीच्या तशाच खाचेत ती बाजूने सरकवतात. ती फळीला वाकू देत नाही, पण रुंदीत मोकळी ठेवते. डिंक लावलाच तर एका जागी, थेंबभर. साशिमोनोतले सगळ्यात शिकण्यासारखे काय, असे विचारले तर बोट या पट्टीवर ठेवावे लागेल. गुंतागुंतीचे कोड्यासारखे सांधे लोकांना दिपवतात, घरातले मेज मात्र या पट्टीवर टिकते.

बाकी सांधे आपल्या सुताराच्या ओळखीचे आहेत. ‘होझो’ म्हणजे कुसू. ते भोकातून आरपार काढून टोकात पाचर ठोकली की कुसू फुलते आणि निघत नाही. वाड्यांच्या खांब-तुळयांत हेच दिसते. ‘कुमिको’ ही बारीक पट्ट्यांची जाळी निराळी : चौकटीत खाचांनी पट्ट्या गुंफून ‘आसानोहा’ म्हणजे भांगेच्या पानांसारखे नक्षीकाम करतात. तिला लाकूड मूठभर लागते आणि संयम पोतेभर.

जागा आणि माल : अशा कामाला आठ बाय दहा फुटांची पडवी पुरते. यंत्र नसल्याने शेजाऱ्यांची तक्रार नाही आणि वीज गेली तरी काम थांबत नाही. गावभागासारख्या नदीलगतच्या वस्तीत मात्र वाळत टाकलेले लाकूड माळ्यावरच ठेवावे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर तळमजल्यावर काय करतात हे तिथे कुणाला सांगावे लागत नाही. उतरवलेल्या वाड्याचा साग मिळाला तर सोने : कित्येक दशके वाळलेला, हलून हलून शांत झालेला. फक्त त्यातले जुने खिळे लोहचुंबकाने शोधून काढल्याशिवाय त्याला रंधा लावू नये. स्वतःच्या बांधावरचा साग तोडायचा असेल तर महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये परवानगी लागते.

भारतात या परंपरेचा स्पर्श याआधीही झाला आहे. जपानी वंशाचे अमेरिकी कारागीर जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) हे १९३० च्या दशकाच्या अखेरीस पुदुच्चेरीच्या अरविंद आश्रमात ‘गोलकोंद’ इमारतीच्या बांधकामावर होते. १९६० च्या दशकात त्यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी फर्निचरचे नमुने केले.

शेवटचा हात : जुने कारागीर शिजलेला भात पट्टीने घोटून ‘सोकुई’ ही खळ करत आणि तिने सांधे चिकटवत. आपण पतंग भाताने चिकटवतो, तोच प्रकार, फक्त घोटणे फार जास्त. ‘उरुशी’ हे जपानी लाखेचे लेपन सुकायला कोरडी नव्हे, दमट हवा लागते, त्यामुळे आपला पावसाळा त्याला मानवेल. पण ज्या झाडाचा हा चीक, ते बिब्ब्याच्याच कुळातले. बिब्बा उततो तशी उरुशीही अंगावर उतते, म्हणून घरात लेकरे असताना तिच्या वाटेला जाऊ नये. जवसाचे तेल आणि वर मधमाश्यांचे मेण घरगुती कामाला पुरते. तेल पातळ लावावे, पंधरा-वीस मिनिटांनी पुसावे आणि दुसरा हात दुसऱ्या दिवशी द्यावा. तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात फेकू नयेत. सुकताना ते आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. अंगणातल्या दोरीवर एकेक पसरून वाळवावेत.