घरबसल्या वाचनालय: कुठे नुसता ईमेल पुरतो, कुठे प्रमाणपत्र लागतं

संध्याकाळी सहा ते आठ मी आमच्या गावच्या वाचनालयात टेबलावर असतो. देवघेव हल्ली बेताचीच. वेळ जातो तो चौकशांना उत्तरं देण्यात. त्यातली निम्मी चौकशी एकच असते: "घरी बसून मोबाइलवर पुस्तकं मिळतात म्हणे. त्याला काय काय लागतं?" विचारणाऱ्याने बहुधा आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो बरोबर आणलेले असतात. मी ते परत पाकिटात ठेवायला सांगतो. बहुतेक ठिकाणी कागद लागतच नाही. एका ठिकाणी मात्र लागतो, आणि नेमकी त्याच ठिकाणची माहिती फारशी कोणाला नसते.

एखादं पुस्तक फुकट मिळत असेल तर ते का मिळतंय, हे आधी विचारावं. ते सरकारने स्वतः काढलेलं असेल, त्याचा कॉपीराइट संपलेला असेल, कोणीतरी ते ठरावीक वेळेपुरतं उसनं देत असेल, नाहीतर कायद्याने काही वाचकांना खास सवलत दिलेली असेल. यातलं कारण कोणतं, यावर पात्रता ठरते.

जिथे नावही विचारत नाहीत

मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते आणि काम चालायचं वाईतून. ते खंड आज संकेतस्थळावर उघडे आहेत. नोंदणी नाही, शुल्क नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० पासून पुस्तकं काढतंय. त्यातली बरीचशी पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात, आणि बाजारात न मिळणारे संदर्भग्रंथ तिथे सापडतात. जिल्ह्यांची गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारे सरकारी ग्रंथ, तीही अशीच खुली आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तकं तर पालकांना माहीतच असतात. पावसात दप्तर भिजलं की आठवतात. जुन्या ग्रंथांच्या फाइली मोठ्या असतात, तेव्हा डेटा पॅकवर उतरवायला घेऊ नका, वायफायवर घ्या.

शोधगंगा हे नावही लिहून ठेवा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेलं हे पीएचडी प्रबंधांचं भांडार आहे. आपल्या विद्यापीठांतले मराठी विभागाचे प्रबंध त्यात प्रकरणाप्रकरणाने वेगळ्या फाइलींत मिळतात. वाचायला खातं लागत नाही. कादंबरी वाचणाऱ्याला त्याचं काही नाही, पण आपल्या तालुक्यातल्या बोलीवर किंवा लोकगीतांवर कोणी काम केलंय का हे पाहायचं असेल तर दुसरीकडे जायची गरज पडत नाही.

जिथे ईमेल पुरतो

नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया हा शिक्षण मंत्रालयाचा प्रकल्प खरगपूरच्या आयआयटीने उभारला. १९ जून २०१८ रोजी तो राष्ट्राला अर्पण झाला. नोंदणी मोफत आहे. ईमेल पत्ता द्यायचा, पासवर्ड ठरवायचा, शिक्षणाबद्दलची थोडी माहिती भरायची. मग मेलवर एक दुवा येतो, त्यावर टिचकी मारली की खातं चालू होतं. लोक अडकतात ते इथे, कारण तो मेल स्पॅममध्ये जाऊन पडतो आणि माणूस वाट बघत बसतो. तिथे बघा.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. या ग्रंथालयात सगळी पुस्तकं 'ठेवलेली' नाहीत. ती मुख्यतः सूची आहे. कुठलं पुस्तक, प्रबंध किंवा व्याख्यान कोणत्या संस्थेच्या भांडारात आहे ते ती सांगते आणि तिकडे पाठवते. तिकडचं दार कधी उघडं असतं, कधी फक्त त्या संस्थेच्या सभासदांसाठी असतं. म्हणून शोधताना भाषेच्या गाळणीत मराठी निवडा आणि कोणालाही वाचता येईल असंच साहित्य दाखवायला सांगा. नाहीतर दहा दारं ठोठावून परत याल आणि माझ्याकडे येऊन "ते सगळं खोटं आहे" म्हणाल. असं म्हणणारे दोघं येऊन गेलेत.

मुलांसाठी नॅशनल बुक ट्रस्टकडून चालणारं राष्ट्रीय ई-पुस्तकालय आहे. त्यात पाठ्यपुस्तकं नाहीत, अवांतर वाचनाची पुस्तकं आहेत. इंग्रजी आणि बावीस भारतीय भाषा, आणि वयाचे चार गट: ३ ते ८, ८ ते ११, ११ ते १४, १४ ते १८. ॲप मोफत आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या हाती मात्र नुसता मोबाइल देऊ नका. शेजारी बसून वाचा.

इंटरनेट अर्काईव्ह: दोन प्रकारची पुस्तकं, दोन प्रकारचे नियम

सॅन फ्रान्सिस्कोच्या या संस्थेत जुन्या मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. त्यातला पुष्कळसा भाग भारतातच झालेल्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया प्रकल्पातून तिकडे पोचला. कॉपीराइट संपलेली पुस्तकं खात्याशिवाय उतरवता येतात. अडचण असते ती सापडण्याची. नावं रोमन लिपीत, आणि तीही अशा स्पेलिंगने टाकली आहेत की खुद्द लेखकाला ओळखू येऊ नयेत. एकाच 'मराठी' शब्दाची तीन-चार रूपं करून बघावी लागतात. देवनागरीत शोधा, रोमनमध्ये शोधा, आडनाव एकटं टाकून शोधा, प्रकाशनाचं वर्ष टाकून शोधा. अनुभव असा की चौथ्या प्रयत्नाला सापडतं.

दुसऱ्या प्रकारची पुस्तकं कॉपीराइटमधली, आणि ती उसनी मिळतात. त्यासाठी खातं लागतं: ईमेल, टोपणनाव, पासवर्ड. बहुतेक पुस्तकं एका तासासाठी मिळतात, काही १४ दिवसांसाठी. तासाचं पुस्तक ब्राउझरमध्येच वाचायचं आणि वेळ संपली की पुन्हा मागायचं. अमेरिकेतल्या प्रकाशकांनी या उसनवारीवर खटला भरला. तो संस्था हरली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही निकाल विरुद्ध गेला. सुमारे पाच लाख पुस्तकं उसनी देणं थांबलं. त्यामुळे एखादं इंग्रजी पुस्तक पानावर दिसतं पण उघडत नाही, तेव्हा तुमचा मोबाइल बिघडलेला नसतो. गंमत अशी की, दृष्टिदोष किंवा अशाच अक्षमतेमुळे छापील मजकूर वाचता न येणाऱ्या वाचकांसाठी तीच पुस्तकं अजूनही उघडी आहेत. अशा वाचकांना आपल्याकडेही कायद्याची सवलत आहे, ती आता सांगतो.

जिथे प्रमाणपत्र लागतं: सुगम्य पुस्तकालय

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक यायचे. दर आठवड्याला दोन पुस्तकं. डोळ्यांच्या पडद्याला त्रास झाला आणि त्यांनी कार्ड परत केलं. "आता संपलं," म्हणाले. अनामत परत देताना त्यांना या ग्रंथालयाबद्दल सांगावं हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही, कारण ते अंधांसाठी असतं आणि त्याला ब्रेल यावं लागतं अशीच आमचीही समजूत होती. दोन्ही चूक.

सुगम्य पुस्तकालय हे छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय २४ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालं. केंद्राचा दिव्यांगजन सशक्तीकरण विभाग आणि डेझी फोरम ऑफ इंडिया (अशा वाचकांसाठी पुस्तकं तयार करणाऱ्या संस्थांचा संघ) यांचं हे काम. त्याच्या मागे दोन कायदेशीर आधार आहेत. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात भर पडली आणि दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तकाची सुगम प्रत, म्हणजे ऐकता येईल किंवा ब्रेलमध्ये वाचता येईल अशी प्रत, करायला प्रकाशकाच्या परवानगीची गरज उरली नाही. २०१३ साली मराकेश करार झाला; अशाच सवलतीसाठीचा हा आंतरराष्ट्रीय करार. त्याला मंजुरी देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. आज दुकानात विकली जाणारी नवी पुस्तकंही इथे मिळू शकतात ती यामुळे.

पात्रता कोणाची? पूर्ण अंध, अल्पदृष्टी, डिस्लेक्सियासारखी वाचनाची अक्षमता असलेले, आणि हातात पुस्तक धरता किंवा पान उलटता न येणारे. हा शेवटचा गट लोक हमखास विसरतात. पक्षाघातानंतर हात न उचलणारा माणूस, ज्याचे हात सतत थरथरतात असा माणूस, यांची नजर ठणठणीत असली तरी ते पात्र ठरतात. नुसता चष्मा लागला म्हणून कोणी पात्र होत नाही. चष्म्याने अडचण दूर होत असेल तर ती यात धरत नाहीत.

कागदपत्रांत मुख्य एकच: दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. नोंदणीत नाव, जन्मतारीख, संपर्क आणि दिव्यांगत्वाचा प्रकार भरून प्रमाणपत्राची प्रत जोडावी लागते. डेझी फोरमच्या सदस्य संस्था देशभर आहेत. त्यांतल्या एखाद्या संस्थेमार्फत सभासद होणं सगळ्यांत सोपं, कारण कागद तपासून मान्यता देणारी माणसं तिथे भेटतात आणि पुढे काही अडलं तर फोन कोणाला करायचा हे कळतं. प्रत जोडताना कार्डाच्या दोन्ही बाजू घ्या. नाव आधारवर आहे तसंच लिहा. 'बापू' म्हणून गाव ओळखत असलं तरी अर्जात पूर्ण नाव. मूल लहान असेल तर ईमेल पालकांचा द्या.

प्रमाणपत्रच नसेल तर आधी ते काढावं लागेल. त्यासाठी स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा: आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि असतील ते उपचारांचे कागद. मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आहे, तेव्हा डिस्लेक्सिया असलेल्या मुलांनाही हा रस्ता खुला आहे. वेळ लागतो, खेटे पडतात. वय झालेल्या माणसाला त्या रांगेत उभं करणं घरच्यांच्या जिवावर येतं, हे मी पाहिलंय. तरीही काढा. हे कार्ड एसटीच्या सवलतीपासून कितीतरी ठिकाणी उपयोगी पडतं.

पुस्तकं डेझी (ऐकण्याच्या सोयीने मांडलेलं डिजिटल पुस्तक), ईपब (फोनवर उघडणारं ई-पुस्तक) आणि ब्रेल अशा रूपांत मिळतात. ब्रेल न येणाऱ्याने ईपब किंवा डेझी घ्यावं आणि फोनला वाचायला लावावं. फोनच्या सेटिंगमध्ये मराठी आवाज उतरवून घेतला की काम होतं. सुरुवातीला तो आवाज दूरदर्शनच्या जुन्या बातम्यांसारखा वाटतो; आठवड्याभरात कान बसतो. हवं ते पुस्तक नसेल तर आपल्या सदस्य संस्थेला सांगा. पुस्तकांच्या सुगम प्रती करणं हेच त्यांचं काम आहे.

एक पथ्य आहे. ही प्रत फक्त सभासदाच्या वापरासाठी असते. काकांना मिळालेली कादंबरी काकूंनी भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर तो कायद्याचा भंग होतो.

आपलं गावचं वाचनालय

मोबाइलचा पडदा नको, कागदच हवा, असं म्हणणारे अजून पुष्कळ आहेत, आणि मी त्यांच्यातलाच. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालची मान्यताप्राप्त वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत गावोगावी आहेत. सभासद व्हायला अर्ज, ओळख-पत्त्याचा पुरावा, फोटो, अनामत आणि वर्गणी लागते; आकडे प्रत्येक ठिकाणचे वेगळे. इथे ती झेरॉक्स कामी येते. दरवेळी सभासदानेच यावं असं मात्र नाही. नातवाला कार्ड देऊन पाठवा.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या वस्तीत पोचवतो. पेटी देणगीतून भरते, काही महिन्यांनी बदलते, आणि ती परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही गेली आहे. त्यासाठी वाचकांचा एक गट आणि पेटी सांभाळायला तयार असलेला एक माणूस लागतो. सोसायटीत असा माणूस शोधणं हीच खरी पात्रता-अट.

वाचून झालं, आता हाताला काम

मराठी विकिस्रोत हे विकिपीडियाचं भावंड, खुल्या पुस्तकांचं संकेतस्थळ. त्यावर जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवली आहेत आणि त्यांचा मजकूर लोक घरबसल्या तपासतात. खातं काढायला टोपणनाव आणि पासवर्ड पुरतो; ईमेलही ऐच्छिक आहे, पण पासवर्ड विसरणाऱ्यांनी द्यावाच. एका बाजूला छापील पान दिसतं, दुसऱ्या बाजूला यंत्राने ओळखलेली अक्षरं. यंत्र रफार खातं, 'र्‍या'चा 'या' करतं, जोडाक्षरं फोडतं. ते आपण दुरुस्त करायचं.

इथे कोणती पुस्तकं येतात याचा नियम साधा आहे: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०११ च्या सुरुवातीला खुलं झालं. आजोबांची अप्रकाशित वही किंवा काकांचा कवितासंग्रह उत्साहाने चढवू नका. आधी वर्ष मोजा.

निवृत्त शिक्षकांची एक सवय इथे नडते. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी छापलेल्या पुस्तकांत 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' असे अनुस्वार असतात. हात शिवशिवतो, पण ते काढायचे नाहीत; पान जसं छापलंय तसंच ठेवायचं. न तपासलेलं पान लाल दिसतं, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं. स्वतः पिवळं केलेलं पान स्वतःलाच हिरवं करता येत नाही. नव्या माणसाने सुरुवात पिवळ्या पानांपासून करावी. चुका कमी असतात, आणि आधीच्याने रफार कसे लावलेत ते समोरच दिसतं.