राजाचा राग आणि वळवाचा पाऊस

राजाचा क्रोध म्हणजे मृत्युदूत, शहाणा माणूस तो शांत करतो, असं बायबलमधलं एक नीतिसूत्र (16:14) सांगतं. मृत्युदूत म्हटलं की आपल्याला रेड्यावरचा यम आठवतो. मूळ हिब्रूत मात्र साध्या निरोप्यालाही तोच शब्द आहे, आणि त्या दरबारात निरोप्या नि मारेकरी बऱ्याचदा एकच असे. इस्राएलचा राजा शलमोन याने गादीवर आल्यावर भाऊ अदोनीया, सेनापती यवाब आणि शिमी या तिघांना संपवलं. तिन्ही वेळा मारायला धाडला तो आपला माणूस बनायालाच. शिमीला यरुशलेम सोडायची बंदी होती. तीन वर्षं त्याने ती पाळली. मग त्याचे दोन गुलाम पळाले, तेव्हा गाढवावर खोगीर घालून तो गथ या परक्या शहरी गेला, त्यांना घेऊन परतही आला. तेवढं पुरलं.

नीतिसूत्रांवर नाव शलमोनाचं असलं तरी 25:1 मध्ये ग्रंथच सांगतो की पुढची वचनं यहूदाच्या हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून घेतली. म्हणजे इ.स.पू. 700 च्या आसपासचे दरबारी लेखणीबहाद्दर. राजाच्या भुवईकडे बघत ज्यांचा दिवस जायचा, त्यांचंच हे शहाणपण. अधूनमधून त्याला खुशामतीचा वासही येतो.

हे शहाणपण एकट्या इस्राएलचं नव्हतं. अधिपतीच्या पंगतीत खादाड असशील तर गळ्याला सुरी लाव, या वचनाच्या (23:1-2) जवळ जाणारा उपदेश ‘आमेनेमोपेची शिकवण’ या प्राचीन इजिप्तच्या उपदेशग्रंथात आहे. त्याहून बोलका अहिकार. नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावर पर्शियन राजवटीत यहुदी सैनिकांची वसाहत होती. तिथे 1906-07 च्या उत्खननात अहिकारची कथा आणि वचनं असलेला अरामी भाषेतला पपायरस सापडला, इ.स.पू. पाचव्या शतकातला. कथेतला अहिकार हा अश्शूरचा राजा सन्हेरीब याचा मुद्राधारी, म्हणजे राजमुद्रा सांभाळणारा. पुढे दत्तक घेतलेल्या भाच्यानेच नंतरचा राजा एसरहद्दोन याचे कान भरले आणि शिरच्छेदाचा हुकूम निघाला. मारायला आलेल्या अधिकाऱ्याचा जीव मात्र अहिकारने पूर्वी असाच वाचवला होता. त्याने अहिकारला लपवलं. याच अहिकारच्या तोंडी वाक्य आहे: राजाची जीभ मऊ, पण ती अजगराच्या बरगड्या मोडते. नीतिसूत्रांतही (25:15) मऊ जीभ हाड मोडते, पण तिथे ती अधिपतीला वळवणाऱ्या माणसाची आहे. जीभ तीच, मालक बदलला.

आता कृपेची बाजू. राजाचा राग सिंहाची गर्जना, तर कृपा गवतावरचं दव (19:12); किंवा 16:15 मध्ये, वळवाचा पाऊस आणणारा ढग. मराठी बायबलातला हा ‘वळवाचा’ शब्द आपल्याला जरा चकवतो. आपला वळीव चैत्र-वैशाखात गडगडत येतो, मोहोर झोडपतो, तासाभरात पसार होतो. तिकडे पाऊस हिवाळ्याचा, आणि शेवटच्या सरी मार्च-एप्रिलच्या. जव-गव्हाचा दाणा भरायचा तो त्यावर; त्यानंतर शरदापर्यंत आभाळ जवळजवळ कोरडंच. त्या सरी हुकल्या तर कणसं पोचट. तेव्हा ही उपमा लहरीपणाची नाही, पोटाची आहे.

बायबलमधल्याच ‘उपदेशक’ या ग्रंथाचा, नंतरच्या काळातला लेखक अधिक सावध. अधिपती चिडला तरी आपली जागा सोडू नकोस, म्हणतो (10:4). आणि त्याच अध्यायाच्या शेवटी बजावतो की राजाला मनातही शिव्या देऊ नकोस, धनवंताला निजायच्या खोलीतही नको. पाखरू ते बोलणं बाहेर नेईल.