ॲक्युपंक्चर की ड्राय नीडलिंग? सुई एकच, नेम वेगळा

ॲक्युपंक्चर असो की ड्राय नीडलिंग (स्नायूतल्या दुखऱ्या गाठीत औषधाविना सुई टोचणं), पाकीट फोडल्यावर हातात येते ती सुई दोन्हीकडे एकच असते. स्टीलची, भरीव, इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नाही, आणि एकदा वापरून फेकायची. जाडी साधारण ०.१६ ते ०.३० मिलिमीटर, लांबी १३ पासून ७५ मिलिमीटरपर्यंत. त्यामुळे फिजिओथेरपिस्टकडून खांद्यात सुया टोचून आलेला माणूस घरी सांगतो, "ॲक्युपंक्चर करून आलो." आणि ॲक्युपंक्चर करून आलेल्याला मित्र विचारतो, "म्हणजे ड्राय नीडलिंगच ना?"

तसं नाही. सुई कुठे टोचायची हे कशावरून ठरवलं, टोचल्यावर कशाची वाट पाहिली आणि ती किती वेळ ठेवली, याची उत्तरं दोन्हीकडे निराळी आहेत. आपल्या दुखण्याला यातलं काय लागू पडेल, हेही त्यावरूनच कळतं. (ॲक्युप्रेशर यात धरू नका. तिथे सुईच नसते, बोटाचा नाहीतर काडीचा दाब असतो.)

एकच मान, दोन टेबलं

लॅपटॉपवर वाकून बसणाऱ्यांची नेहमीची तक्रार घेऊ. बॅगेचा पट्टा जिथे बसतो तो मान आणि खांद्यामधला भाग आखडलेला, आणि दुपारनंतर दुखणं मानेवरून चढत कानामागून कानशिलापर्यंत जाणारं.

ड्राय नीडलिंग करणारा फिजिओ आधी मान फिरवून बघतो, हाताला मुंग्या येतात का, पकड कमी झाली आहे का ते तपासतो. मग खांद्यावरचा स्नायू चिमटीत धरून आडवा चाचपतो. आखडलेल्या स्नायूत बोटाखाली एक ताठ दोरी लागते आणि तिच्यावर कुठेतरी वाटाण्याएवढी दुखरी जागा सापडते. ती दाबली की दुखणं नेमकं कानशिलाकडे सरकतं आणि पेशंट म्हणतो, "हेच, रोज हेच होतं." हा ट्रिगर पॉइंट. दाबल्यावर पेशंटचं ओळखीचं दुखणं उठत नसेल तर ती गाठ सोडून द्यायची. दुखऱ्या जागा तर प्रत्येकाच्या अंगात असतात.

पेशंटला पालथं झोपवून स्नायू चिमटीत धरून छातीपासून वर उचलतात. जागा ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसतात आणि ०.२५ किंवा ०.३० मिलिमीटर जाडीची, ४० मिलिमीटर लांबीची सुई प्लॅस्टिकच्या बारीक नळीतून टिचकी मारून आत सोडतात. तिचं टोक नेहमी पलीकडच्या बोटांच्या दिशेने, खाली छातीकडे कधीच नाही. मग सुई पूर्ण बाहेर न काढता थोडी मागे घेऊन, दिशा किंचित बदलून पुन्हा पुढे, असं काही वेळा. गाठीला लागली की डोळा लवावा तसा तो स्नायू आपोआप लवतो. दोन-चारदा लवून थांबला की त्या गाठीचं काम झालं. हे सगळं काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत उरकतं. लगेच मान ताणण्याचे व्यायाम. नंतर २४ ते ४८ तास तो खांदा बऱ्यापैकी ठणकतो. हे आधी सांगितलं नसेल तर पेशंटला वाटतं, आणखी बिघडलं.

ॲक्युपंक्चरच्या टेबलावर सुरुवातच वेगळी. दुखणं मानेच्या मागून जातं की बाजूने? झोप कशी आहे, पोट साफ होतं का, पाळीच्या आधी डोकं जास्त दुखतं का? जीभ बघतात, दोन्ही मनगटांवर नाडी बघतात. बाजूने कानशिलाकडे जाणारं दुखणं पित्ताशयाच्या मार्गावरचं, मानेच्या मागचं मूत्राशयाच्या मार्गावरचं, असं धरून बिंदू निवडतात. (मार्ग म्हणजे चिनी परंपरेने अंगावर मानलेल्या रेषा. बिंदूच्या नावातली अक्षरं मार्गाची, आकडा त्यावरचा क्रमांक; जीबी म्हणजे पित्ताशयाचा मार्ग.) काही जवळचे: कवटीच्या बुडाशी, मानेच्या दोन स्नायूंमधल्या खोलगट जागेतला जीबी २०, खांद्यावरचा जीबी २१. काही दूरचे: अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातला एलआय ४, करंगळीच्या बाजूचा एसआय ३. ज्याची मान दुखते त्याच्या हातात सुई का, असा प्रश्न पडतो खरा, पण दूरचा बिंदू हा या पद्धतीचा कणा आहे.

आठ-दहा सुया लागतात आणि त्या २० ते ३० मिनिटं तशाच ठेवतात. इथे स्नायू लवण्याची वाट पाहत नाहीत. चिनी परंपरेत 'द-छी' म्हणतात ती संवेदना हवी असते: आत जडपणा, बोथट दुखरी ओढ, हळूहळू पसरणारी. सुई धरलेल्या बोटांनाही ती कोणीतरी आतून पकडल्यासारखी घट्ट लागते. झोंबलं किंवा आग झाली तर टोक त्वचेपाशीच चुकीच्या जागी आहे. विजेसारखी कळ गेली तर सुई नसेला लागली आहे. दोन्ही वेळा "सहन करा" म्हणणाऱ्यापेक्षा सुई मागे घेणारा बरा.

बिंदू मोजतात कसे

ड्राय नीडलिंगमध्ये मोजमाप नाही, चाचपणी आहे. ॲक्युपंक्चरमध्ये आधी मोजमाप. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित यादीत मार्गांवरचे ३६१ बिंदू आहेत आणि अंतर 'त्सुन' या मापात सांगतात. पेशंटच्याच अंगठ्याची सांध्यापाशी जेवढी रुंदी तो एक त्सुन. त्याचीच चार बोटं जोडली की तीन. टोचणाऱ्याचा अंगठा लावला की लहान चणीच्या माणसात बिंदू सरकलाच. मळमळीसाठी वापरतात तो पीसी ६ मनगटाच्या घडीपासून दोन त्सुन वर, दोन कंडरांच्या मधोमध. गुडघ्याखालचा एसटी ३६ वाटीच्या खालच्या बाहेरच्या खळग्यापासून तीन त्सुन खाली आणि नडगीच्या धारेपासून बोटभर बाहेर. मोजून झाल्यावरही बोटाने दाबून खळगा शोधायचा असतो. नुसत्या मोजपट्टीवर भागत नाही.

म्हणजे शेवटी एकच का?

खांद्यावरचा जीबी २१ आणि तिथला नेहमीचा ट्रिगर पॉइंट जवळजवळ एकाच जागी येतात. यावरूनच 'ड्राय नीडलिंग म्हणजे नाव बदललेलं ॲक्युपंक्चर' हा वाद पेटतो. १९७७ मध्ये वेदनेचे अभ्यासक मेल्झॅक आणि सहकाऱ्यांनी दोन्हींचे नकाशे जुळवून ७१ टक्के मेळ दाखवला. २००३ मध्ये ॲक्युपंक्चरचे अभ्यासक स्टीफन बर्च यांनी तीच तुलना नव्याने तपासली, तेव्हा त्यातला फार थोडा भाग टिकला.

दुखण्यापुरती सरमिसळ खरी आहे. दाबल्यावर दुखेल तिथे टोचायचं, ही रीत चिनी परंपरेतही जुनी आहे; त्यांना आ-शी बिंदू म्हणतात. पण मळमळीसाठी मनगटात सुई टोचतात तिथे कुठलीही गाठ नसते, आणि ट्रिगर पॉइंटच्या हिशेबात त्या सुईला अर्थच नाही. त्यामुळे एक दुसऱ्यात पूर्ण मावतं, हे म्हणणं पटत नाही.

उगमही वेगळे. ड्राय नीडलिंग आली दुखऱ्या गाठीत इंजेक्शन देण्याच्या पद्धतीतून. १९७९ मध्ये चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी मांडलं की आराम मुख्यतः सुईच्या टोचण्यानेच पडतो, औषधाने नाही. औषध गेलं, कोरडी सुई राहिली. ॲक्युपंक्चर भारतात आलं ते डॉ. बिजॉय कुमार बसू यांच्यामार्फत, १९५९ मध्ये कोलकात्यात. हे तेच बसू, जे १९३८ साली सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर यांच्यासोबत चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात होते.

कोणत्या दुखण्याला काय

बोट ठेवून दाखवता येईल असं स्नायूचं दुखणं असेल तर ड्राय नीडलिंग सरळ आणि स्वस्तात पडते. खांदा, फऱ्याच्या आतली कड, कुल्ल्यातलं दुखणं, पळणाऱ्यांची पोटरी. आठवड्यातून एकदा, तीन-चार वेळा. मात्र पुरावा आहे तो थोड्या दिवसांच्या आरामाचा. स्नायू सुटलेला असतो त्या दोन-तीन दिवसांत व्यायाम केले नाहीत आणि खुर्ची-टेबलाची उंची तशीच ठेवली, तर गाठ परत येते. दर महिन्याला त्याच खांद्यात सुया घेणारे लोक असतात; तिथे सुईचा दोष नाही, सुईनंतरचं काम झालेलं नसतं.

वरचेवरची अर्धशिशी आणि ताणाची डोकेदुखी यांच्यासाठी ॲक्युपंक्चरची बाजू भक्कम आहे. कोणते उपचार द्यावेत याचे सल्ले देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१२ मध्ये ताणाच्या जुनाट डोकेदुखीसाठी पाच ते आठ आठवड्यांत जास्तीत जास्त दहा बैठकांचा विचार करावा असं सुचवलं. दोन बैठकांत निकाल मागू नये आणि दहाच्या पुढे फरकाशिवाय पैसे मोजू नयेत, हा हिशेब त्यातून घ्यावा.

कंबरदुखीचं चित्र गुंतागुंतीचं आहे. जर्मनीत ११६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के लोकांना फरक पडला, बिंदू सोडून उथळ टोचलेल्या लुटुपुटुच्या सुयांनी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. सुयांनी बरं वाटतं. नेमक्या बिंदूमुळेच वाटतं, हे यातून सिद्ध होत नाही. त्याच जर्मनीत विमा कंबरदुखीच्या ॲक्युपंक्चरचे पैसे देतो, तर नाइसने २०१६ मध्ये कंबरदुखीला ते देऊ नका असं सांगितलं. आकडे वाचून दोन देश दोन निर्णयांवर आले, इतकंच.

मधुमेह, थायरॉइड, वजन 'सुयांनी बरं करतो' ही पाटी दिसली तर पुढे जावं. चालू गोळ्या सुयांच्या भरवशावर थांबवणं धोक्याचं आहे.

काय बिघडतं आणि का

भोवळ दोन्हीकडे येते, मुख्यतः उपाशीपोटी आलेल्याला आणि बसवून टोचल्याला. म्हणून तास-दोन तास आधी थोडं खाऊन जावं आणि पहिल्या वेळी झोपूनच सुया घ्याव्यात. सुई अडकते ती स्नायूला उबळ आली म्हणून किंवा ती एकाच दिशेने फिरवत राहिल्यामुळे. ओढायची नाही, उलट फिरवून, आजूबाजूला टिचक्या मारून स्नायू सुटू द्यायचा. काळं-निळं पडणं ड्राय नीडलिंगमध्ये जास्त, कारण सुई पुढे-मागे होते. ड्राय नीडलिंगच्या ७६२९ बैठकांच्या एका पाहणीत साडेसात टक्क्यांच्या आसपास बैठकांत असं झालं. सुई काढल्यावर कोरड्या कापसाने मिनिटभर दाबून धरलं तर बरंच टळतं.

खरी भीती फुफ्फुसाची. त्याचा शेंडा कॉलर बोनच्याही दोन-तीन सेंटिमीटर वर येतो, आणि बारीक अंगाच्या माणसात खांदा व फऱ्याजवळ तो फार खोल नसतो. सुई खालच्या दिशेने गेली तर फुफ्फुसाला भोक पडून हवा बाहेर साठू शकते. लक्षणं लगेच येतातच असं नाही. घरी गेल्यावर काही तासांनी छातीत कळ, कोरडा खोकला, जिना चढताना धाप असं झालं तर झोपून वाट पाहू नये. हॉस्पिटलमध्ये जाऊन सुया घेतल्याचं आपणहून सांगावं, म्हणजे छातीचा एक्स-रे आधी निघतो.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं. पेसमेकर असेल तर सुयांना करंट जोडू द्यायचा नाही. गरोदरपणात एलआय ४, जीबी २१ आणि घोट्यावरचा एसपी ६ परंपरेने वर्ज्य आहेत, आणि खांद्याची गाठ शोधणाऱ्या फिजिओलाही हे ठाऊक असावं, कारण त्याची सुई नेमकी जीबी २१ वरच जाते.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद नोंदणी करते. फिजिओची नोंदणी वेगळ्या परिषदेकडे. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. फिजिओला आणखी एक विचारावं: ड्राय नीडलिंगचं वेगळं प्रशिक्षण घेतलंय का, आणि छातीच्या भागात हात किती बसलाय? सुयांचं बंद पाकीट आपल्यासमोर फोडलं जावं, वापरलेल्या सुया टोचून फुटणार नाही अशा पांढऱ्या डब्यात जाव्यात, आणि घातलेल्या व काढलेल्या सुया मोजल्या जाव्यात. अर्ध्या तासाच्या बैठकीत केसांत किंवा दुमडलेल्या कपड्याखाली एखादी सुई राहून जाते, हे वाटतं त्याहून सहज घडतं.

हातापायातली ताकद कमी होणं, लघवीवरचा ताबा जाणं, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, किंवा एकाएकी उठलेली आजवरची सर्वांत वाईट डोकेदुखी, यांपैकी काहीही असेल तर दोन्ही सुया बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं.