चणे होते पण दात नव्हते: २००८ च्या मंदीत अमेरिकेत सोलर कसा तगला

सोलरच्या सबसिडीचा विषय निघाला की कोणीतरी सोलिंड्राचं नाव काढतंच. अमेरिकन सरकारने मंदीत एका कंपनीच्या ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली, दोन वर्षांत कंपनी बुडाली, म्हणून सरकारने ह्या धंद्यात पडूच नये, असं ते सगळं म्हणणं असतं. मी रूफटॉप सोलरच्याच कामात आहे, त्यामुळे हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी बसून मागचा सगळा इतिहास वाचून काढला, आणि वाचल्यावर माझं मत पक्कं झालं की तिथला सोलर त्या मंदीत ज्या योजनेमुळे उभा राहिला तिचं नावच लोकांना माहीत नाही. तिला धड नावही नव्हतं म्हणा, कायद्यातल्या कलमाचा नंबर हेच नाव, सेक्शन १६०३.

थोडं मागून सुरू करायला लागेल. २००५ च्या ऊर्जा कायद्यात अमेरिकेने सोलरला ३० टक्के टॅक्स क्रेडिट दिलं. म्हणजे सिस्टीमला १०० डॉलर खर्च आला तर ३० डॉलर तुमच्या भरायच्या इन्कम टॅक्समधून वजा. घरगुती सिस्टीमला मात्र २,००० डॉलरची मर्यादा होती. आणि ही सवलत २००८ च्या शेवटी संपणार होती, ती वाढवायचे प्रयत्न त्या वर्षी सिनेटमध्ये पुन्हा पुन्हा फसले. तेवढ्यात १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ह्या बड्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली आणि सगळंच कोसळायला लागलं.

इथे एक गंमतशीर योगायोग झाला. २९ सप्टेंबरला प्रतिनिधीगृहाने बँकांना वाचवायचं ७०० अब्ज डॉलरचं बिल फेटाळलं, तिथल्या शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक त्या एका दिवसात ७७७ अंकांनी आपटला, मग दोनच दिवसांनी सिनेटने तेच बिल परत आणलं पण ह्यावेळी त्याला बऱ्याच टॅक्स सवलतींची शेपटी जोडून, जेणेकरून जास्त मतं मिळतील, आणि त्या शेपटीत सोलरचं क्रेडिट होतं. ३ ऑक्टोबर २००८ ला बुश यांनी सही केली. वर्षभर एक-दोन वर्षांची मुदतवाढसुद्धा मिळत नव्हती ती थेट आठ वर्षांची मिळाली, २०१६ च्या अखेरपर्यंत, वर २,००० डॉलरची मर्यादाही गेली. बँकांच्या बेलआउटमधून सोलरला हे मिळालं हे आज सांगितलं तर पटत नाही लोकांना.

पण सवलत मिळाली तरी ती वापरता येईना, आणि खरी गोष्ट इथे सुरू होते.

टॅक्स क्रेडिट म्हणजे हातात येणारे पैसे नाहीत. समजा १ कोटी डॉलरचा प्रकल्प आहे, ३० लाखांचं क्रेडिट झालं. ते वापरायला आधी तुमचा ३० लाखांचा टॅक्स निघायला हवा. सोलर उभारणाऱ्या कंपन्या नवीन, नफा जेमतेम, त्यात घसारा (यंत्रांची झीज दरवर्षी खर्च म्हणून दाखवणं) लावला की टॅक्स शून्य. चणे आहेत पण दात नाहीत. म्हणून मग दात असलेल्यांना बोलवायचं. मोठ्या बँका आणि विमा कंपन्या प्रकल्पात भागीदार व्हायच्या, क्रेडिट आणि घसाऱ्याचा फायदा आपल्या टॅक्सला लावायच्या आणि त्या बदल्यात प्रकल्पाला रोख भांडवल द्यायच्या. ह्याला तिकडे टॅक्स इक्विटी म्हणतात. असे गुंतवणूकदार सगळ्या अमेरिकेत मिळून जेमतेम वीसच्या आसपास होते आणि त्यात कोण होतं तर लेहमन, एआयजी, वाकोव्हिया वगैरे. आता ह्यातली एक बुडालेली, एक सरकारने उचलून धरलेली, एक दुसऱ्या बँकेने विकत घेतलेली. ज्या उरल्या त्यांना स्वतःलाच तोटा, टॅक्स भरायचाच नाही तर क्रेडिट घेऊन करणार काय? करारमदार झालेले, जागा ठरलेल्या, आणि पैसे देणारं माणूसच बाजारात नाही अशी अवस्था २००८-०९ च्या हिवाळ्यात होती.

ओबामा सत्तेवर आले आणि महिन्याच्या आत, १७ फेब्रुवारी २००९ ला, ७८७ अब्ज डॉलरच्या रिकव्हरी ॲक्टवर सही झाली. ही सही वॉशिंग्टनमध्ये झाली नाही, डेन्व्हरच्या विज्ञान संग्रहालयात झाली आणि सहीच्या आधी ओबामा आणि बायडेन दोघं त्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन बसवलेली सोलर पॅनल बघून आले. ते फोटो सगळीकडे छापून आले. पण त्या कायद्यातलं १६०३ कलम काय होतं हे त्यावेळी कितीजणांनी वाचलं असेल कोण जाणे.

कलम एकदम साधं होतं. टॅक्स क्रेडिट घेण्याऐवजी तेवढीच रक्कम रोख घ्या. प्रकल्प उभा करा, चालू करा, कागद द्या, ट्रेझरी म्हणजे तिथलं अर्थखातं ६० दिवसांत खर्चाच्या ३० टक्के पैसे देणार. बँकेचा भागीदार नको, त्याच्या वकिलांची फी नको, नफ्यात असायची अट नको. १ सप्टेंबर २००९ ला पहिली मंजुरी आली. मुळात सरकारला ह्यात फार जास्तीचा खर्चही नव्हता, कारण ते ३० टक्के नाहीतर टॅक्समध्ये सोडायचेच होते. जिथे पाईप तुंबला होता तिथेच त्यांनी तो मोकळा केला, एवढंच.

६० दिवस ह्या आकड्यावर मी मुद्दाम थांबतोय. आमच्याकडे गिऱ्हाईक सबसिडी किती हे पहिलं विचारतं आणि लगेच दुसरा प्रश्न, जमा कधी होणार. दुसऱ्या प्रश्नाला आपण छातीठोक उत्तर दिलं तर काम मिळतं, चाचरलो तर "दिवाळीनंतर बघू" होतं. एका गिऱ्हाइकाची सबसिडी कागदातल्या नावाच्या स्पेलिंगवरून कित्येक महिने अडकली होती, तोपर्यंत तो आपलं कर्ज आणि व्याज भरत बसला, आणि त्याचं बघून त्याच गल्लीतल्या दोघांनी बेत रद्द केला. रक्कम तीच असते हो, पण तारीख माहीत असणं आणि नसणं ह्यात अख्खा धंदा उभा राहतो नाहीतर बसतो.

योजना मुळात दोनच वर्षांची होती, डिसेंबर २०१० मध्ये आणखी एक वर्ष मिळालं आणि २०११ संपताना नवीन कामांसाठी बंद झाली. आधी सुरू झालेल्या कामांचे पैसे मात्र नंतर कित्येक वर्षं जात राहिले. सगळे मिळून १ लाखाच्या वर प्रकल्प आणि सुमारे २,६०० कोटी डॉलर. पैशांत बघितलं तर मोठा वाटा पवनऊर्जेला गेला, संख्येत बघितलं तर बहुतेक सगळे सोलर, दुकानांच्या, शेतांच्या, गोदामांच्या छपरांवरचे. २००८ मध्ये अमेरिकेत वर्षाला ३०० मेगावॅटच्या आसपास सोलर बसत होता, २०११ मध्ये त्याच्या साधारण सहापट. सगळं श्रेय ह्याच योजनेचं असं मी म्हणणार नाही, पॅनल स्वस्त झाली हे मोठं कारण आहेच, पण बँका झोपलेल्या असताना बांधकाम चालू राहिलं ते ह्याच्यामुळे.

दोष होते. खर्चाच्या टक्क्यात पैसे मिळणार म्हटल्यावर खर्च फुगवून दाखवायचा मोह होतोच, तशी चौकशी झाली आणि एका मोठ्या कंपनीने २०१७ मध्ये २.९५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. आणि २०१३ मध्ये सरकारच्या सरसकट खर्चकपातीत ह्या मंजूर पैशांनाही कात्री लागली, सुरुवातीला ८.७ टक्के. ज्यांनी ३० टक्के धरून हिशेब केला होता त्यांचं काय झालं असेल ह्याची मला चांगली कल्पना येते.

आता सोलिंड्रा. त्याच रिकव्हरी ॲक्टमध्ये कर्जहमीचीही सोय होती, सेक्शन १७०५, आणि त्यातली पहिली हमी कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँटच्या ह्या कंपनीला सप्टेंबर २००९ मध्ये मिळाली. त्यांचं प्रॉडक्ट बघायला फार वेगळं होतं. सपाट पॅनल नाही, तर ट्यूबलाईटसारख्या काचेच्या नळ्या ओळीने लावलेल्या, आत सिलिकॉनऐवजी तांबं, इंडियम, गॅलियम, सेलेनियमचा पातळ थर. छप्पर पांढरं रंगवायचं, म्हणजे वरून ऊन पडतं तसंच खालून परतलेलं ऊनही नळीला मिळतं, आणि नळ्यांमधल्या फटींतून वारा निघून जातो म्हणून जड स्ट्रक्चर लागत नाही, छपराला भोकं पाडायला लागत नाहीत. ज्याने गळक्या स्लॅबवर स्ट्रक्चर ठोकलंय त्याला ह्यातली हुशारी लगेच कळेल.

हिशेबही त्या वेळी वेडेपणाचा नव्हता. २००८ मध्ये पॅनलसाठी लागणारं शुद्ध सिलिकॉन खुल्या बाजारात किलोला ४०० डॉलरच्या वर गेलं होतं. सिलिकॉन न वापरणारं पॅनल म्हणजे सोन्याची खाण असं वाटणं साहजिक होतं. २०११ संपेपर्यंत तोच भाव ३० डॉलरच्या आसपास आला. नळ्या महागड्या पडायला लागल्या. ३१ ऑगस्ट २०११ ला कारखाना बंद, सुमारे १,१०० माणसं घरी, आठवड्याभरात दिवाळखोरीचा अर्ज. वर्षभर आधी, मे २०१० मध्ये, ओबामा स्वतः त्या कारखान्यात येऊन भाषण करून गेलेले, त्यामुळे विरोधकांना मुद्दा मिळाला आणि तो आजतागायत चालू आहे.

पण ऊर्जा खात्याच्या त्याच कर्जहमीच्या यादीत ॲरिझोनातला आग्वा कॅलियेन्ते हा २९० मेगावॅटचा प्रकल्प आहे, कॅलिफोर्नियातला ५५० मेगावॅटचा डेझर्ट सनलाईट आहे. त्याआधी अमेरिकेत १०० मेगावॅटच्या वरचा पॅनलचा एकही प्रकल्प नव्हता, एवढ्या मोठ्या कामाला कुठलीच बँक पहिली पुढे यायला तयार नव्हती, सरकारने पहिली काही कामं अंगावर घेतल्यावर पुढची खाजगी पैशाने व्हायला लागली. नोव्हेंबर २०१४ मध्ये ऊर्जा खात्याने सगळ्या कर्जांचा हिशेब मांडला तेव्हा बुडालेले सुमारे ७८ कोटी डॉलर आणि आलेलं व्याज ८१ कोटी डॉलर. हा आकडा मात्र कोणी सांगत नाही.

सिलिकॉन एवढं का पडलं, तर त्याचंही मूळ बरंचसं मंदीत आणि सरकारी निर्णयांतच आहे. टंचाईच्या काळात सुरू केलेले सिलिकॉनचे नवे कारखाने नेमके मंदीतच उत्पादनात आले. स्पेनने २००७ च्या हुकुमाने छोट्या सोलरला युनिटमागे ४४ युरो सेंटच्या आसपास दर २५ वर्षांसाठी देऊ केला होता. ठरवलं होतं ३७१ मेगावॅट, पण मुदत संपायच्या आत लावून घ्या म्हणून झुंबड उडाली आणि एकट्या २००८ मध्ये अडीच हजार मेगावॅटच्या वर बसला, त्या वर्षी जगात बसलेल्याच्या ४० टक्क्यांच्या आसपास! सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने दर कापला आणि वर्षाला ५०० मेगावॅटची मर्यादा घातली, त्याच महिन्यात लेहमन. २००९ मध्ये स्पेनचा बाजार जवळपास ठप्प. पुढे तर त्यांनी आधी बसलेल्या प्रकल्पांचे पैसेही कमी केले, ज्या हजारो साध्या कुटुंबांनी कर्ज काढून सोलर बागांमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून उभारलेल्या प्रकल्पांमध्ये, पैसे घातले होते ती अडकली. मला विचाराल तर सोलिंड्रापेक्षा हा धडा कितीतरी मोठा आहे, कारण इथे सरकारने दिलेला शब्द मागे घेतला.

स्पेनसाठी बनलेला माल पडून राहिला. तिकडे चीनने कारखाने बंद पडू नयेत म्हणून सरकारी बँकांचं कर्ज सोडलं आणि जुलै २००९ मध्ये गोल्डन सन योजना आणली, ग्रीडला जोडलेल्या प्रकल्पाला निम्मा खर्च सरकारचा, जिथे ग्रीड नाही तिथे ७० टक्के. कारखाने वाढतच गेले, पॅनलचा भाव वॅटला साधारण ४ डॉलरवरून तीन-चार वर्षांत १ डॉलरपर्यंत घसरला, आणि त्यात शेवटी चीनची एकेकाळची सगळ्यात मोठी सोलर कंपनी सनटेकसुद्धा मार्च २०१३ मध्ये ५४.१ कोटी डॉलरचे बाँड फेडू शकली नाही.

आपला सोलर मिशन नेमका ह्या घसरणीत सुरू झाला, जानेवारी २०१०, उद्दिष्ट २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅट. केंद्रीय वीज नियामक आयोगाने युनिटला १७ रुपये ९१ पैसे दर धरला होता, त्या वर्षअखेरच्या लिलावात सगळ्यात खालची बोली १०.९५ आली आणि पुढच्या वर्षी ७.४९. आपण देशी पॅनलची अट घातली ती फक्त सिलिकॉनच्या पॅनलला, थिन फिल्मला (काचेवर पातळ थर दिलेल्या पॅनलला) नाही, आणि अमेरिकेच्या एक्झिम बँकेने, म्हणजे निर्यातीला कर्ज देणाऱ्या सरकारी बँकेने, त्यांच्या थिन फिल्मसाठी आपल्या कंपन्यांना स्वस्त कर्ज दिलं, त्यामुळे सुरुवातीच्या कितीतरी प्रकल्पांत अमेरिकन थिन फिल्म लागली. तरीही देशी मालाच्या अटीवरून २०१३ मध्ये अमेरिकेनेच आपल्याला जागतिक व्यापार संघटनेत खेचलं आणि २०१६ मध्ये आपण हरलो. धुळ्यात साक्रीजवळ महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला त्याला कर्ज जर्मनीच्या सरकारी बँकेचं. मंदीत प्रत्येक देश आपापला कारखाना वाचवत होता आणि त्याचे धागे असे आपल्या माळरानापर्यंत आलेत.

१६०३ ची कल्पना मेली नाही. २०२२ च्या अमेरिकन कायद्यात ती परत आली, नगरपालिका, शाळा, देवस्थानं अशा टॅक्स न भरणाऱ्या संस्थांना क्रेडिटऐवजी रोख, आणि बाकीच्यांना क्रेडिट सरळ विकायची मुभा. मग ४ जुलै २०२५ च्या कायद्याने बऱ्याच सवलती आटोपत्या घेतल्या. घराच्या छपरासाठीचं ते ३० टक्के क्रेडिट, ज्याची २,००० डॉलरची मर्यादा बँकांच्या बेलआउटमध्ये उठली होती, ते ३१ डिसेंबर २०२५ ला संपलं.