विरोधात बोलला म्हणजे फितूर झाला, असं नव्हे

‘साक्षीदार फितूर, सरकारी पक्षाला धक्का’ हा मथळा दिसला की मी आधी बातमीत जबाब शोधतो. साक्षीदार पोलिसांना आधी काय म्हणाला होता? बहुतेक वेळा त्याचा पत्ताच नसतो. कोल्हापुरात, कसबा बावड्यात कोर्टाबाहेर चहा पिता पिताही तेच ऐकू येतं: सरकारच्या विरोधात बोलला ना, मग फितूरच!

आरोपीचा वकील उलटतपास घेतो, उत्तर सुचवणारे प्रश्न विचारतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घोळ होतो तो सरकारी वकील स्वतःच्याच साक्षीदाराला तसे प्रश्न विचारायला निघतात तेव्हा. त्याला न्यायाधीशांची परवानगी लागते. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १५४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं १५७ आहे. आकडा बदलला, बाकी काही नाही.

समजा, रंकाळ्यावर रात्री मारामारी झाली. भेळेच्या गाडीवाला साक्षीला आला आणि म्हणाला, “भांडण बघितलं, पण अंधारात मारणाऱ्याचं तोंड दिसलं नाही.” आता त्याचा जबाब काढा. तिथंही हेच असेल, तर माणूस पहिल्यापासून एकच सांगतोय. खटल्याला उपयोग झाला नाही, यात त्याचा काय दोष? हा प्रतिकूल साक्षीदार. जबाबात मात्र “मारणारा आमच्याच पेठेतला, मी ओळखतो” असं असेल आणि आता आरोपीकडं मान वर करून न बघता “तोंड दिसलं नाही” म्हणत असेल, तर खरं सांगायची त्याची इच्छाच उरलेली नाही असा संशय येतो. हा फितूर. दोघांचं उत्तर शब्दन्‌शब्द सारखं. फरक कळतो तो जबाब शेजारी ठेवल्यावर आणि पिंजऱ्यातल्या माणसाचं वागणं बघितल्यावर. (जबाबात पोलिसांनी पदरचं घातलं असेल, हीही शक्यता धरायचीच.)

१९७५ साली सतपाल विरुद्ध दिल्ली प्रशासन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की परवानगी द्यायला साक्षीदाराला आधी फितूर ठरवावं लागत नाही. त्याची वागणूक, उत्तरांचा रोख, आधीच्या जबाबाशी विसंगती बघून न्यायाधीशांनी ठरवायचं. तरी आपल्याकडं ‘फितूर घोषित करावं’ ही विनंती ठरलेलीच. एक गैरसोयीचं उत्तर आलं की लगेच उठणारे सरकारी वकील मला मुळीच पटत नाहीत. पण गप्प बसणंही महागात पडतं. राजाराम विरुद्ध राजस्थान राज्य खटल्यात सरकारी साक्षीदार विरोधात बोलला, त्याला फितूर ठरवलं नाही, आणि त्याच साक्षीचा आधार आरोपीला मिळाला.

दुसरी चीड आणणारी समजूत: फितूर झाला की साक्ष पुसली गेली. साफ चूक. त्यातला विश्वासार्ह भाग दोन्ही बाजूंना वापरता येतो; साक्षीदार आणणाऱ्या बाजूला तशी मुभा कलमातच आहे. पंचनाम्यावर सही करणारा पंच म्हणतो, “सही माझी, पण मजकूर माहीत नाही, कोऱ्या कागदावर घेतली.” तरी सही मान्य केलीच ना? जप्ती झाल्याचं तपासी अंमलदारानं नीट सांगितलं आणि ते पटण्याजोगं असलं, तर पंच उलटला म्हणून जप्ती आपोआप कोसळत नाही.

याच्या उलट, साक्षीदार उलटला म्हणून पोलिसांसमोरचा जबाब पुरावा होत नाही. सरकारी वकील त्यातला विसंगत मजकूर, ‘अ’ अशी खूण केलेला भाग, वाचून दाखवतात आणि ठरलेलं उत्तर येतं: “असा मजकूर पोलिसांनी का लिहिला, सांगता येणार नाही.” पुढं तो भाग तपासी अंमलदाराकडून शाबीत करून त्यावर निशाणी (कोर्टाच्या नोंदीतला क्रमांक) पडली, तरी एवढंच सिद्ध होतं की हा माणूस आधी वेगळं बोलला होता. मारणारा कोण, हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि तपासी अंमलदाराला तो ‘अ’ भाग विचारायचाच राहिला, तर तेवढंही हाती लागत नाही.