कोयत्याच्या हंगामाला पुरणारं इंजेक्शन

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, पाटोद्याकडची ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडं ट्रॅक्टरवर चढतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मधले सगळे महिने उसाच्या फडात, कोपीत म्हणजे झोपडीत. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळीला अमेरिकेत २०१२ सालीच मान्यता मिळाली. पण कोपीत गोळ्यांची डबी कुणाच्या नजरेला पडू न देता रोज गोळी घेणं, तेही बाईमाणसानं, किती अवघड आहे! म्हणूनच लेनाकापाविर या औषधाकडे मी फार आशेनं बघतो. त्याचं इंजेक्शन वर्षातून दोनदाच घ्यायचं असतं.

एचआयव्ही नेमका गाठतो तो बाकीच्या रोगप्रतिकारक पेशींना कामाला लावणाऱ्या पेशीला. तिच्यावरच्या सीडी-फोर या प्रथिनाला तो आधी चिकटतो. तेवढ्यानं आत जाता येत नाही; शेजारचं सीसीआर-फाइव्ह हे प्रथिनही धरावं लागतं (काही विषाणू सीएक्ससीआर-फोर धरतात). युरोपातल्या थोड्या लोकांत हे सीसीआर-फाइव्ह जन्मतःच नसतं. अशाच एका दात्याच्या मूळपेशी २००७ साली बर्लिनमध्ये टिमथी रे ब्राउन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी दिल्या आणि त्यांचा एचआयव्हीही गेला. त्याच वर्षी सीसीआर-फाइव्ह झाकणारं माराविरॉक हे औषध मान्य झालं.

मात्र सीसीआर-फाइव्ह काही विषाणूसाठी बनलेलं नाही. शरीरात कुठे सूज आहे, तिकडे जायचा इशारा पेशी त्यातून घेते. ते नसलेल्यांना डासांमुळे पसरणाऱ्या वेस्ट नाईल तापाचा त्रास जास्त होतो. म्हणून एचआयव्ही टाळण्यासाठी निरोगी माणसाचं सीसीआर-फाइव्ह बनवणारं जनुकच कापून टाकावं, हा विचार मला पटत नाही.

लेनाकापाविर पेशीला हातच लावत नाही. विषाणूची जनुकं सुमारे दीड हजार प्रथिनांच्या कवचात असतात. कापसाचं बोंड वेळेवर उललं तरच कापूस हाती येतो, तसं हे कवचही योग्य जागी, योग्य वेळी उघडावं लागतं. औषध त्या प्रथिनांच्या सांध्यात जाऊन बसतं. कवचाचा लवचीकपणा जातो, पेशीकेंद्रकात शिरणं अडतं आणि नव्या विषाणूंची कवचंही वेडीवाकडी बनतात. पोटाच्या कातडीखाली टोचलेलं औषध तिथेच साठून महिनोन्‌महिने पाझरत राहतं.

दक्षिण आफ्रिका आणि युगांडात २,१३४ तरुणींना ते दिलं गेलं. २०२४ मध्ये निकाल आला तेव्हा त्यांतल्या एकीलाही लागण झालेली नव्हती. रोजची ट्रुवाडा गोळी दिलेल्या १,०६८ जणींपैकी १६ जणींना झाली होती. जून २०२५ मध्ये अमेरिकेनं प्रतिबंधासाठी त्याला मान्यता दिली.

लागण आधीच झालेली असेल तर हे एकटं इंजेक्शन पुरत नाही; अशांसाठी एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं) आहे, आणि सरकार ती २००४ पासून मोफत देतं. म्हणून प्रत्येक डोसआधी तपासणी हवीच. हैदराबादच्या दोन कंपन्यांनी २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये हे औषध देण्याचं जाहीर केलं आहे. ते आपल्याकडे येईल तेव्हा तपासणी आणि इंजेक्शन दोन्ही तालुक्याच्या दवाखान्यात, टोळ्या निघायच्या आधी मिळायला हवं. दुसरा डोस त्या परतल्यावर.